हलका हात

पहाटे ३:२०

पुण्यात, धायरीत दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरातला दिवा लागलाय. ताई ओट्यापाशी उभ्यानंच चहा घेतायत आणि एकीकडे पेटी तपासतायत. पेटी म्हणजे मेकअपच्या सामानाची, चाकांची काळी ट्रॉली. भरली की तेरा किलो. ती दोन जिने उतरवायची असते, म्हणून नवराही उठून बसलाय.

आज कर्वे रोडवरच्या एका कार्यालयात लग्न आहे. मार्गशीर्षातलं. मुहूर्त ११ वाजून ४१ मिनिटांचा. नवरी एक आणि साइडर पाच. साइडर हा या धंद्यातला शब्द. नवरीसोबत ज्या बाकीच्या बायका मेकअप करून घेतात, त्या साइडर. आजच्या पाचांत नवरीची आई ५६ वर्षांची, आत्या ६२ ची, आजी ७८ ची. उरलेल्या दोघी मावसबहिणी, तरुण. मी या मोठ्या तिघींसाठी आलेय.

फाउंडेशनच्या बाटल्या ताई मोजून ठेवतात. सात बाटल्या, दोन स्टिक.

"नवरीला यातली एक पुरते," त्या म्हणतात. "काकूंना चार लागतात."

पहाटे ४:१०

कॅब. पहाटेचे २८० रुपये. सिंहगड रस्ता मोकळा आहे, काचा बंद, तरी पायाला गार लागतंय. थंडीत त्वचा कोरडी पडते आणि ताईंचं काम वाढतं. त्यांनी डिकीतली पेटी आडवी ठेवू दिली नाही. काचेच्या बाटल्या आहेत. एक फुटली तर २,९०० रुपये गेले.

मी इथं का आलेय ते सांगते. दहा वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या लग्नात माझ्या आईचा मेकअप झाला. आरशात बघून ती काही बोलली नाही. मोरीत गेली आणि साबणानं तोंड धुऊन आली. पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखं दिसत होतं. गालावर एरवी न दिसणाऱ्या सुरकुत्यासुद्धा पांढऱ्या रेघा होऊन उठून आल्या होत्या. त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत ती दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या रांगेत आहे. ते मला अजून लागतं.

पहाटे ४:३५

कार्यालयातली 'वधूपक्ष' पाटीची खोली. दोन गाद्या, एक कपाट, भिंतीत अडकवलेला आरसा. त्याच्यावर ट्यूबलाइट, निळसर उजेडाची. प्लग एकच आणि त्यात कुणीतरी मोबाइल लावलाय. ताई नवरीच्या चुलत्यांना विचारून मोबाइल काढतात, एक्स्टेंशन बोर्ड लावतात, त्यावर आपला दिवा. दिव्याचा उजेड पिवळा-पांढरा करता येतो. त्या मधला ठेवतात. खुर्चीही घरून आणलेली, उंच, घडीची. कार्यालयाच्या खुर्चीवर बाई बसली की ताईंना पाच तास कमरेत वाकावं लागतं.

मदतनीस मुलगी आलीय, दिवसाचे ८०० रुपये घेते. केस आणि साडीवाली वेगळी, तिचे ४,०००. मुलगी टेबलावर टॉवेल पसरते, स्पंज ओले करून घट्ट पिळून ठेवते, स्टीलचं पॅलेट स्पिरिटनं पुसते. ओला स्पंज फुगून लिंबाएवढा होतो. कोरडा स्पंज फाउंडेशन पितो आणि चेहऱ्यावर ओढतो. नव्या कातडीला तो ओढा जाणवत नाही. जुन्या कातडीवर लगेच वळ्या पडतात.

पहाटे ५:००

पहिल्या, नवरीच्या आई. त्यांना साडेसातला पूजेला बसायचंय. नुकत्याच न्हाल्यात, केसांना टॉवेल.

"काकू, काल हळद जोरात झाली वाटतं."

झाली होती. साबणानं धुऊनही कपाळाच्या कडेला आणि गालांवर पिवळी झाक आहे. ताई कापसावर मेकअप काढायचं पाणी घेतात आणि हळूहळू टिपतात. कापूस पिवळा होतो. दुसरा बोळा. तिसरा. हळदीच्या दुसऱ्या दिवशी गालावर शेड कधी बघायची नाही, हे त्या मुलीला सांगतात. पिवळ्यावर पिवळी शेड जुळते, दुपारपर्यंत हळद उतरते आणि फोटोत तोंड एक, गळा एक.

मग मॉइश्चरायझर. मटाराएवढं, दोन्ही तळव्यांवर पसरून, दाबून. चोळत नाहीत. गळ्यापर्यंत जातात, कानामागेही. आणि थांबतात. मोबाइलवर दहा मिनिटं लावतात.

ही दहा मिनिटं मला महत्त्वाची वाटली. आई अस्वस्थ होतात, "सुरू करा ना, उशीर होईल." ताई हलत नाहीत. क्रीम जिरायच्या आत वर काही लावलं तर खोडरबरानं खोडल्यासारखे गोळे सुटतात. पाळी गेल्यानंतरच्या पाचेक वर्षांत त्वचेतलं कोलॅजन जवळजवळ तीस टक्के घटतं, असं त्वचेचे डॉक्टर सांगतात. तेलही कमी सुटतं. विशीतल्या नवरीचं तेल आवरायचं असतं आणि इथं ओलावा टिकवायचा असतो. बाटली तीच, काम उलटं.

घंटा वाजते. ताई आईंच्या जबड्याच्या कडेवर, कानाच्या खाली, तीन शेडच्या तीन उभ्या रेघा ओढतात. गालापासून गळ्यापर्यंत. पुन्हा पाच मिनिटं. हवा लागली की काही फाउंडेशन गडद होतात, बाटलीतला रंग चेहऱ्यावर तसाच राहील याचा भरवसा नाही. मनगटावर शेड बघणाऱ्यांवर ताईंचा राग आहे. "मनगट कुठं ऊन खातं?" त्या विचारतात. "तोंड गेली पन्नास वर्षं उन्हात आहे."

मधली रेघ दिसेनाशी झाली. तीच शेड. पण तेवढ्यानं भागत नाही. आईंच्या दोन्ही गालांच्या हाडावर वांग आहे, तपकिरी, पानाच्या आकाराचा. तोंडाभोवती कड काळसर. कपाळ मधल्या भागापेक्षा गडद. एका चेहऱ्यावर चार रंग. सगळ्यांवर एकच शेड फासली तर वांग राखाडी होऊन वर येतो आणि बाकीचा चेहरा मुखवटा होतो.

म्हणून आधी वांगाला नारिंगी. तांदळाच्या दाण्याएवढी नारिंगी क्रीम बोटाच्या टोकावर घेऊन फक्त डागावर टिपायची. क्षणभर भयंकर दिसतं. आई आरशात बघून दचकतात. त्यावर स्टिकचा रंग. स्टिक क्रायोलानची. बर्लिनमधली १९४५ सालची ही कंपनी रंगभूमीचा आणि कॅमेऱ्यासमोरचा मेकअप करते. रंग इतका दाट की थेट चेहऱ्यावर घासला तर प्लास्टर. ताई चाकूसारख्या पात्यानं स्टिकचा पापुद्रा खरवडतात, हाताच्या पाठीवर घेतात, बोटानं गरम करतात. मऊ झाला की डागावर ठेवतात. कडा स्पंजनं विरवतात. वांग गेला. पूर्ण नाही, नीट बघितलं तर सावली आहे. ताई तिथंच थांबतात.

"अजून थोडं झाकू का?" मुलगी विचारते.

"नको. सावली राहू दे. सगळं झाकलं की चेहरा सपाट होतो, मग नाक-गाल पुन्हा रंगवत बसा."

आता पातळ फाउंडेशन. हरभऱ्याच्या डाळीएवढं, पॅलेटवर. नाकाच्या बाजूंपासून सुरुवात आणि बाहेर जाता जाता कमी. कानापाशी पोचेपर्यंत स्पंजवर जवळजवळ काही उरत नाही. दाबून, उचलून, दाबून. हनुवटीवर आणि ओठांच्या वर बारीक लव आहे, तिथं हात वरून खाली. उलटा फिरवला तर लव उभी राहते आणि प्रत्येक केसाला रंग चिकटतो. थ्रेडिंग ताईंनी चार दिवस आधी करून घ्यायला लावलं होतं. सोललेल्या कातडीवर फाउंडेशन झोंबतं आणि पापुद्रे दाखवतं.

"काकू, हसा आता. जावयाला बघून हसाल तसं."

आई हसतात. डोळ्यांच्या कोपऱ्यात आणि नाकापासून ओठांपर्यंत रेषा पडतात, त्यात रंग जमतो. ताई लगेच रिकाम्या स्पंजनं त्या रेषा टिपतात. पुन्हा हसा. पुन्हा टिपतात. तिसऱ्यांदा काही जमत नाही. मग पावडर, पण बारीक ब्रशनं आणि फक्त नाकावर, हनुवटीवर, कपाळाच्या मध्यावर. डोळ्यांखाली अजिबात नाही. गालाची लाली क्रीमची. चकचकीत काही नाही, चमक सुरकुतीवर बसली की सुरकुती दुप्पट होते.

गळ्याला फाउंडेशन लावत नाहीत. पैठणीच्या ब्लाउजचा काठ आणि मोत्यांचा तन्मणी, दोन्हीला डाग पडतो. म्हणून चेहराच गळ्याशी जुळवायचा.

४५ मिनिटं झाली. आई आरशात बघतात. बराच वेळ.

"केल्यासारखं वाटत नाही," त्या म्हणतात.

ताई मान हलवतात आणि स्पंज मुलीकडे धुवायला देतात.

सकाळी ५:५५

आत्या. आत्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्यांनी फोनमध्ये फोटो आणलाय. कुठल्याशा मालिकेतल्या सासूचा.

"मला एक शेड उजळ कर गं. लग्नघर आहे."

ताई सांगून बघतात. आत्यांचा रंग सुरेख आहे, गव्हाळच्या पुढचा, आत तांबूस ऊब असलेला. आत्या ऐकत नाहीत. पंचवीस वर्षं गोऱ्या जावेशेजारी फोटोत उभ्या राहिल्यात, असं त्या हसत सांगतात. हसण्यात थोडं दुखणं आहे. ताई वाद घालत नाहीत. त्या म्हणतील ती शेड, पण अगदी पातळ, एक थर. पैसे देणाऱ्या बाईला नाही म्हणता येत नाही, पण पातळ लावता येतं.

दिव्याखाली आत्या खूष.

सकाळी ६:३०

नवरी. हिच्यावर मी फार लिहीत नाही. २६ वर्षांची आहे, कातडी ताणलेली, हातभर लावलं तरी पेलते. दीड तासाचं काम, त्यात निम्मा वेळ डोळ्यांचा. दर १६,०००. साइडरचा प्रत्येकी २,०००.

बोलणी ठरताना चुलते म्हणाले होते, "आईला, आजीला काय, नुसता हलका हात फिरवा. हजारात करा." ताई खाली आल्या नाहीत. हलका हात फिरवायलाच वेळ लागतो, हे त्यांनी फोनवर दोनदा सांगितलं. त्या हे काम शिकल्या तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. पार्लरमध्ये दहा रुपयांच्या थ्रेडिंगपासून सुरुवात केली, मग कोर्स केला. कोर्समध्ये सगळी मॉडेल विशीतली. पन्नाशीचा चेहरा कुणी खुर्चीत बसवलाच नाही. पहिल्या वर्षी एका वरमाईला त्यांनी नवरीसारखं रंगवलं. प्राइमर, जाड थर, वर भरपूर पावडर. बाई मांडवात आल्या तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, नाटकात काम करता का. ताईंनी त्या साइडरचे पैसे परत केले आणि पुढचे सहा महिने स्वतःच्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर हात बसवला. रोज दुपारी, भांडी झाल्यावर.

सकाळी ७:०५

उजाडलं. नवरी मध्येच केसांसाठी पलीकडे गेलीय. ताई खिडकी उघडतात आणि हाक मारतात, "आत्या, जरा इकडे या. उजेडात बघू."

हे त्या प्रत्येकीचं करतात. दिव्याखाली केलेला मेकअप सूर्याला दाखवल्याशिवाय खोलीबाहेर सोडत नाहीत. हातात छोटा आरसा देतात आणि स्वतः काही बोलत नाहीत.

आत्या बघतात. खिडकीतून कोवळा, पांढरा उजेड तिरका येतोय. गाल राखेसारखे दिसतायत. ओठ आणि कान एका रंगाचे, मधला चेहरा दुसऱ्याच.

"अगं हे काय. आजारी दिसतेय मी."

"बसा. दहा मिनिटं."

धुवायची गरज नाही, थर पातळ आहे. ओल्या स्पंजनं दाबून दाबून बराचसा रंग उचलला जातो. पॅलेटवर आता आत्यांची खरी शेड आणि तिच्यात सुईच्या टोकाएवढा तांबूस रंग. ताई पात्यानं घोटतात. रंग तीनदा बदलतो. पहिल्यांदा विटकरी झाला, मग सुंठीसारखा, मग आत्यांच्या गळ्यासारखा. मी अगदी जवळून बघत होते आणि तो कुठल्या थेंबाला जुळला ते मला कळलं नाही. ताईंना कळलं, कारण हात थांबला.

बारा मिनिटांनी आत्या पुन्हा खिडकीत. या वेळी आरसा त्यांनीच मागून घेतला. डावा गाल, उजवा गाल, हनुवटी. मग पदर सारखा करून म्हणाल्या, "जा, आजीला घे."

सकाळी ७:४०

आजी आल्या त्या तक्रार करतच. "माझं काय करताय, मी काय नवरी आहे? आमच्या लग्नात अफगाण स्नो लावला, वर पावडर. झालं."

अफगाण स्नो म्हणजे मुंबईच्या पाटणवालांनी १९१९ साली काढलेला स्नो. पांढरा. घरातल्या सगळ्या बायकांना एकच बाटली, सगळ्या रंगांना एकच रंग. आजींना त्याचा वास अजून आठवतो.

आजींच्या चेहऱ्याला ताईंनी हात लावला आणि मला तो स्पर्श दिसला. कातडी कागदासारखी, बोट ठेवलं तिथं किंचित सरकते. इथं स्पंजसुद्धा जड. ताई दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करतात आणि क्रीम लावून नुसते गालांवर ठेवतात. मोजून दहा श्वास. आजींचे डोळे मिटतात. खोलीत भांड्यांचा, सनईचा, कुणीतरी सेफ्टी पिन मागतंय त्याचा आवाज आहे. आजी बसल्या जागी पेंगतात की काय, असं वाटतं.

फाउंडेशन किती, तर मोहरीचे दोन दाणे. तेही क्रीममध्ये मिसळून. नाकाच्या बाजूची लाली, हनुवटीवरचा जुना डाग, बस. पापण्यांवर काही नाही, पापणी डोळ्यावर उतरलीय, लावलेला रंग तिच्या घडीत तासाभरात गोळा होईल. चष्मा नाकावर जिथं बसतो तिथं तर मुद्दाम रिकामी जागा. लावलं तर चष्म्याखाली घसरून दोन पट्टे पडतात. भुवया विरळ झाल्यात, तिथं करड्या पेन्सिलीचे केसागणिक बारीक फराटे. काळी पेन्सिल घेतली नाही. ओठांच्या कडेला पेन्सिलीची रेघ, नाहीतर लिपस्टिक वरच्या सुरकुत्यांत चढते. मग फिकट गुलाबी.

सगळं मिळून २५ मिनिटं. त्यातली रंगाची सहा-सात.

आजी चष्मा लावतात, आरसा घेतात. बोटानं गाल चाचपतात. बोटाला काही लागत नाही.

"हे कुठं लावलंयस?"

"लावलंय आजी."

आजी पुन्हा बघतात. मग कुंकवाची डबी मागतात. कुंकू त्यांचं त्याच लावणार, बोटानं, आरशाशिवाय. ते बरोबर मध्ये लागलं.

सकाळी ९:१५

मावसबहिणी उरकल्या, नवरीही तयार. कागदी बशीत पोहे, वर शेव. ताई आज पहिल्यांदा खाली बसल्यात, पाय गादीवर लांब केलेत. पोटऱ्यांवर हात फिरवतायत.

हिशेब त्या तोंडी सांगतात. ३० मिलीची बाटली २,९०० ची, तीस चेहरे होतात. म्हणजे नवरीला शंभर रुपयांचं फाउंडेशन, आईंना पन्नासचं, आजींना दहाचंही नसेल. स्पंज ४५० चा, दोन महिने. कापूस, स्पिरिट, पापण्या, पिना, सगळं धरून आज १,८०० चा माल. मुलगी ८००, साडीवाली ४,०००, कॅब दोन्ही वेळची. मोसम वर्षातले पाच-सहा महिने. चातुर्मासात त्या घरी फॉल-पिको घेतात. सांगताना आधी "ब्लाउजला" म्हणतात, मग लगेच "साडीला" अशी चूक दुरुस्त करतात. झोप झालेली नाही.

सकाळी ११:४१

मंगलाष्टकं संपतात. अक्षता, टाळ्या, वाजंत्री. ताई मागच्या खांबाला टेकून उभ्या आहेत, हातात टिपकागदाचं पाकीट. सगळे नवरा-नवरीकडे बघतायत. ताई फोटोग्राफरच्या फ्लॅशकडे बघतायत. फ्लॅश पडला की आईंच्या डोळ्यांखाली पांढरं चमकतंय का, एवढंच त्यांना बघायचंय. बारीक पांढरी पावडर उघड्या डोळ्यांना दिसत नाही आणि फ्लॅशमध्ये चुन्यासारखी उठते. तीन फ्लॅश झाले. काही चमकलं नाही. ताईंनी पाकीट पर्समध्ये ठेवलं.

दुपारी १:३०

होमाच्या धुरात आणि गर्दीत दोन तास बसून आईंचं नाक आणि कपाळ तेलकट झालंय. पंगतीआधी ताई त्यांना जिन्याखाली घेतात. मुलगी पावडरचा ब्रश पुढं करते. ताई तो बाजूला सारतात. आधी टिपकागद, मग ओला स्पंज नुसता दाबायचा. विस्कटलेला रंग पुन्हा जागी बसतो. पावडरवर पावडर चढवत गेलं की संध्याकाळी चेहऱ्याला तडे जातात. एक मिनिटाचं काम. आई म्हणतात, "तुम्ही जेवलात का?" ताई हो म्हणतात. जेवलेल्या नाहीत.

दुपारी ४:२०

पाठवणी. गाडी दारात, फुलांच्या माळा बॉनेटवर. नवरी आईच्या गळ्यात पडते आणि आई, ज्या पहाटेपासून धावत होत्या, एकदम थांबतात आणि रडतात. आवाज न करता. पाणी गालांवरून सरळ उतरतं, नारिंगी आणि स्टिक आणि पातळ थर असलेल्या त्याच जागेवरून. पदरानं पुसणार, एवढ्यात ताई मागून पुढं होतात, हातात रुमाल ठेवतात. "पुसू नका काकू. दाबा."

आई दाबतात. डाव्या गालावर एक बारीक रेघ राहते. ताई ती बघतात आणि तशीच सोडतात. गाडी निघते.

संध्याकाळी ५:१०

चुलते पैसे देतात. ठरलेले २६,०००, आगाऊ ५,००० मिळालेले. उरले २१,०००. पाकिटात २०,००० आहेत. "राउंड फिगर केलं," ते म्हणतात, सोबत लाडवांचं खोकं देतात. ताई नोटा मोजतात, दोनदा. आत्या पलीकडे चपला शोधतायत. त्यांनी ऐकलं. पर्स उघडून पाचशेच्या दोन नोटा काढल्या, ताईंच्या पेटीच्या वरच्या कप्प्यात घातल्या आणि भावाकडे न बघता रिक्षा थांबवायला गेल्या.

रात्री ८:४०

धायरी. मोरीत प्लास्टिकचं टमरेल, अंगाचा साबण. ताई स्पंज पिळतायत. पहिल्यांदा पाणी विटकरी, मग चहासारखं, मग दुधी. सहा पाण्यांनंतर स्वच्छ. ब्रश टॉवेलवर आडवे, केसांचं टोक खाली कललेलं. उद्या चिंचवडला साखरपुडा आहे, सकाळी आठचा. नवरी आणि दोन साइडर. एक ६९ वर्षांची.

फोन वाजतो. नवरीची मावसबहीण आहे, पण बोलतात आजी.

"अगं, हे काढायचं कशानं? साबणानं चालेल?"

"साबण नको आजी. खोबरेल तेल आहे ना घरात? दोन थेंब कोमट करा, तळव्यावर घ्या. मऊ सुती फडकं, जुन्या लुगड्याचं असलं तर उत्तम. चोळायचं नाही."

"उद्या सकाळी काढलं तर?"

ताई ओले हात साडीला पुसतात.

"नको आजी. रात्रभर राहिलं तर सकाळी ताणेल. आत्ताच काढा."

"बरं," आजी म्हणतात. मग जरा थांबून, "तेल गरम करायला सांगते." फोन मात्र लगेच ठेवत नाहीत.